हेल्मेटचं अस्तर

ब्रशवरून चिकटवायच्या सोल्यूशनचा एक थेंब थर्माकोलवर पडला, एवढंच झालं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या शेठच्या सोफ्याच्या कारखान्यात असे शंभर थेंब रोज पडतात, लादीवर, पायावर, चपलेवर, आणि कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण आज सकाळी सेंटर टेबलाची काच आली होती, तिच्या खोक्यातली थर्माकोलची जाड शीट कुणीतरी जयदेवच्या गुडघ्याशी आडवी टाकून ठेवली होती, आणि तो सोफ्याच्या हातावर फोम चिकटवायला म्हणून डब्यातून ब्रश काढून वळला. थेंब पडला तिथे बारीक चर्र झालं. मग ती पांढरी शीट त्या जागी आत आत जायला लागली. आधी वाटाण्याएवढं भोक, मग बोराएवढं. कडा ओल्या, चकचकीत, आणि मधे काहीच नाही. जयदेव वाकून बघत राहिला. पंख्याचा आवाज, समोर विकास खुर्चीला पिना मारत होता त्या गनचा खटखट आवाज, सगळं चालू होतं. “काय जयदेवभाऊ, पहिल्यांदा बघताय का?” विकास हसला. वयाने लहान, पण हाताखाली कधी नव्हता, बरोबरीचा कारागीर. “सोल्यूशन थर्माकोलला खातं ना. एकदम साफ. मालूम नहीं क्या तुमको?” जयदेव म्हणाला, “मालूम आहे.” आणि हे म्हटल्याबरोबर तो खालीच बसला. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि हात फडक्याला पुसले, मग पुन्हा पुसले.

मालूम होतं, हीच तर गोष्ट होती. बावीस वर्षं सोफे करणाऱ्या माणसाला सोल्यूशन काय करतं आणि काय करत नाही हे मालूम नसेल तर कुणाला असणार? पण सोफ्यात थर्माकोल नसतो. लाकूड, फोम, रेक्झिन, कापड, गोणपाट, या सगळ्यांशी सोल्यूशनचं चांगलं जमतं. थर्माकोलशी त्याची गाठ एकदाच पडली होती, जयदेव दहा वर्षांचा असताना, गणपतीच्या मखराला. भावाने रात्रंदिवस कोरलेला खांब पडला म्हणून त्याने सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणून भरपूर लावलं, आणि खांब त्याच्या डोळ्यांदेखत मधोमध वितळला. भावाने दिलेली थप्पड अजून त्याच्या गालाला आठवत होती. म्हणजे दहाव्या वर्षी जे गालावर बसलं होतं ते बेचाळिसाव्या वर्षी हाताला आठवलं नाही. जयदेवला बसल्या जागी जिज्ञासा दिसली. पंधरा वर्षांची त्याची मुलगी, पाच वाजता क्लासला निघताना खुंटीवरचं हेल्मेट काढते, आईचं हेल्मेट, केसांची वेणी मागे टाकते आणि हनुवटीखाली पट्टा खटकन लावते. जूनपासून रोज. त्या हेल्मेटच्या आतलं अस्तर जयदेवने स्वतःच्या हाताने चिकटवलेलं होतं.

“साईं, किधर चला? शाम को डिलिवरी है,” सिंधी शेठ गल्ल्यावरून ओरडला. “घरी जातोय शेठ. पोरीचं काम आहे,” जयदेव म्हणाला आणि शेठचं पुढचं बोलणं ऐकायला थांबला नाही. अडीच वाजले होते. मोटारसायकलच्या आरशाला त्याचं स्वतःचं हेल्मेट लटकत होतं, नेहमीसारखं. हायवेला हवालदार दिसला की डोक्यावर, गल्लीत आरशावर, अशी त्याची रीत होती आणि साऱ्या उल्हासनगरची होती. आज त्याने ते काढून आत बोट घालून बघितलं. कापड, कापडाखाली काहीतरी टणक. काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. सहा वर्षं वापरत होता. बायकोच्या डोक्यावर जबरदस्तीने टोपी चढवणाऱ्या या माणसाने टोपीच्या आत काय असतं हे आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

त्याची बायको माया आशाताईचं काम करायची. बदलापूर गावातल्या त्यांच्या दोन खोल्यांमधून निघून बारवी धरणाच्या रस्त्याने पाड्यांवर जायची, कुणाची गर्भारपणाची नोंद, कुणाच्या पोराची लस, कुणाच्या गोळ्या. चालत जायची, नाहीतर कुणाच्या टेम्पोत मागे बसून. दोन वर्षांपूर्वी अंबरनाथच्या कुठल्याशा मंडळाने महिला दिनाला तिच्यासारख्या बायांना सायकली वाटल्या, प्रत्येकीला एक सायकल आणि सोबत एक हेल्मेट, सगळ्यांना एकाच मापाचं. सायकली बायांनी हौसेने घेतल्या. हेल्मेटांचं मात्र जे व्हायचं ते झालं. एकीने त्यात माती भरून तुळशीचं रोप लावलं, एकीच्या नातवाने क्रिकेटला घेतलं, आणि तिसरीच्या घरी म्हणे कोंबडी त्यात बसायला लागली. मायाने हँडलला टांगलं. ते तिच्या डोक्यावर डगडग हलायचं, अंबाड्यावर अडकायचं, आणि मान वळवली की डोळ्यांवर यायचं. जयदेव रोज तिच्यामागे लागायचा. त्याने मोबाईलवर काहीतरी बघितलं होतं, टरबूज टोपीसकट आणि टोपीशिवाय वरून टाकतात ते, आणि ते टरबूज त्याच्या मनातून जात नव्हतं. “घाल गं. डोकं एकच आहे.” ती म्हणायची, “आणि ते हलतंय त्याचं काय? पडायच्या आधी मला आंधळी करेल ते.”

म्हणून एका रविवारी त्याने ते मापात बसवलं. हे काम करताना तो किती सुखात होता ते आता आठवणं त्याला असह्य झालं. अंबरनाथच्या सिग्नलला तो थांबला होता, पुढे एक रिक्षा, बाजूला सिमेंटचा मिक्सर गोल गोल फिरत, आणि त्याला तो रविवार जसाच्या तसा दिसत होता. मायाचं डोकं त्याने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून माप घेतलं होतं, टेप असताना. ती हसत होती. हेल्मेटचं मूळचं कापड त्याने ओढून काढलं. आत काळं, गुळगुळीत काहीतरी होतं. त्याला वाटलं रबर असेल. थर्माकोल पांढरा असतो, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं, की काळा थर्माकोल असू शकतो हे मनात शिरायला जागाच नव्हती. त्याने चांगल्यातला फोम कापला, एका गिऱ्हाइकाच्या सोफ्यातून उरलेलं निळं रेक्झिन घेतलं, आणि सोल्यूशन लावलं. एक हात लावला तरी पुरलं असतं. पण परक्याच्या सोफ्याला एक हात लावणारा माणूस बायकोच्या डोक्याला दोन हात लावतो. त्याने टाळूच्या जागी भरपूर, थापून लावलं, की घामाने सुटू नये, वर्षानुवर्षं सुटू नये. आणि तेव्हा आवाज आला होता. चर्र, बारीक. माया म्हणाली होती, “अहो, काहीतरी बोलतंय ते.” आणि जयदेवने काय सांगितलं होतं? “पकड घेतंय,” असं सांगितलं होतं.

मागून हॉर्न वाजले. सिग्नल सुटला होता. त्याने गाडी पुढे काढली आणि कारखान्यांच्या वासातून बदलापूरच्या रस्त्याला लागला. दुसऱ्या दिवशी तिने घालून बघितलं होतं ना? “आता कसं मस्त बसतंय,” ती म्हणाली होती. “आधी वर वर राहायचं. आता खोल गेल्यासारखं वाटतं.” खोल गेल्यासारखं. तिला शब्दसुद्धा बरोबर सापडला होता. आणि तो मिशीत हसला होता, हाताचं कौतुक झालं म्हणून. संध्याकाळी पाड्यावरची गंमत तिने सांगितली. चंद्री म्हणून एक बाई होती, तिच्या सुनेला सातवा महिना होता. ती मायाचं डोकं फिरवून फिरवून बघत म्हणाली होती, “ताये, नवऱ्यानं डोक्यावं सोपाच बसवलाय का गं? आता डोक्यावं बसाया पावनं येतील.” माया हे सांगताना इतकी हसली की जिज्ञासाच्या हातातली पोळी खाली पडली. त्या घरात हसणं होतं तेव्हा. आता दोघं जेवतात तेव्हा ताटांचा आवाज येतो.

पण माया हेल्मेटबद्दल आणखी एक बोलायची, आणि ते जयदेवने हसण्यावारी नेलं होतं. “टोपी घातली की गाडीवाले खेटून जातात,” ती म्हणायची. “पदर डोक्यावर घेऊन चालवते ना, तेव्हा हातभर लांबून जातात. बाई आहे, पडेल, असं वाटतं त्यांना. टोपी घातली की त्यांना वाटतं हिला येतंय सगळं.” “तुझं काहीतरीच.” “काहीतरीच नाही. चार दिवस पदर, चार दिवस टोपी, असं करून बघितलंय मी.” जयदेव म्हणाला होता, “मग आता सरकारला कळव.” तिने विषय सोडला होता, पण पटलं म्हणून नाही, वाद नको म्हणून. तिच्या वहीत कुठल्या पोराचं वजन किती भरलं ते लिहिलेलं असायचं, कोण किती लांबून गेलं ते कुठे लिहून ठेवणार? आणि लिहिलं असतं तरी जयदेवने वाचलं नसतं. त्याला ते टरबूज दिसत होतं. प्रेमात माणूस कान बंद करून घेतो, हे त्याला आज, कात्रपच्या चढाला गाडी खालच्या गिअरवर टाकताना, अगदी साधेपणाने कळलं. तिला वाचवायच्या घाईत त्याने तिचं एक अक्षर ऐकलं नव्हतं.

मागच्या वर्षी भातं कापणीला आली असताना, सकाळी साडेदहाला, धरणाच्या रस्त्याच्या उतारावर एका टेम्पोने तिला खेटून ओव्हरटेक केलं. खेटूनच. आरसा हँडलला लागला, ती डाव्या अंगाला फेकली गेली, रस्त्याच्या कडेच्या दगडावर डोकं. हातापायाला खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. हेल्मेटला वरून फक्त ओरखडे. दवाखान्यात ते त्याच्या हातात दिलं तेव्हा आलेली माणसं म्हणत होती, टोपीला बघा काही झालं नाही. आणि ती आत नळ्यांमध्ये पडलेली. तिच्या भावाने, मुंबईहून आला होता तो, बाकावर बसून म्हटलं, “सायकलची टोपी ती, भाऊजी. टेम्पोपुढे टोपीचं काय चालणार? ती घालून न घालून सारखंच.” जयदेवला त्याचा इतका राग आला होता की त्याने त्याला चहासुद्धा विचारला नाही. मग त्याने डॉक्टरांना गाठून विचारलं, हेल्मेट होतं, तरी असं कसं? डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. ते म्हणाले, “हेल्मेट नसतं तर त्या इथपर्यंतही आल्या नसत्या.” एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

या एका वाक्यावर जयदेवने वर्ष काढलं होतं. माया नऊ दिवस होती. पाचव्या दिवशी तिने जिज्ञासाचं बोट दाबलं होतं, दोनदा, नर्सने बघितलं होतं. सातव्या दिवशी डोळे उघडून छताकडे पाहिलं. दहाव्या दिवशी गेली. ते नऊ दिवस हेल्मेटने दिले, असा त्याने हिशेब बसवून ठेवला होता. म्हणजे आपल्या हातांनी दिले. आपण मापात बसवलं नसतं तर ते डोक्यावरून निघून गेलं असतं, आणि मग पोरीला आईचं ते बोट दाबणंसुद्धा मिळालं नसतं. कुणी भेटायला आलं की तो हे सांगायचा. इतक्यांदा सांगितलं होतं की वर्षश्राद्धाला आलेल्या बायका ते त्याच्याआधीच म्हणायला लागल्या. आणि जून महिन्यात जिज्ञासाने क्लासला सायकल नेते म्हटलं, तेव्हा तिने खुंटीवरून हेल्मेट काढलं आणि म्हणाली, “पप्पा, मी आईचं घालू?” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने स्वतः पट्टा तिच्या मापाचा करून दिला होता. आता उड्डाणपुलावर समोरून एक शाळकरी पोरगी सायकल मारत गेली, डोक्यावर काही नाही, दोन वेण्या. तिच्या मागचा रिक्षावाला हॉर्न न वाजवता हळूच लांबून गेला. जयदेवने ते बघितलं आणि त्याला ओरडावंसं वाटलं, कुणावर ते कळलं नाही.

खरं काय होतं? टोपी नीट असती तर माया वाचली असती का? टोपी नसतीच, पदर असता, तर तो टेम्पो हातभर लांबून गेला असता का? की तिच्या भावाने सांगितलं तेच खरं, की काही केलं असतं तरी सारखंच? तिन्ही वेळी माया वेगवेगळ्या वाटेने जात होती आणि तिन्ही वाटा त्याला दिसत होत्या, पण खरोखर ती गेली होती चौथ्याच वाटेने. त्याला कुणीतरी एक उत्तर द्यायला हवं होतं, कुठलंही. पोलीस, डॉक्टर, ते टरबूज टाकणारे लोक, कुणीही. पण ज्यांना विचारावं ते आपापलं एक वाक्य बोलून निघून जात होते, आणि वाक्य घेऊन घरी यायचं ते जयदेवलाच. मग त्याला सोपी गोष्ट सुचली. वाटेत दुकानातून नवीन हेल्मेट घ्यायचं, गुलाबी, पोरींना आवडतं तसं. जुनं खराब झालं म्हणायचं. आणि जुनं गावापुढच्या उल्हास नदीच्या पुलावरून सोडून द्यायचं, न उघडता. पोरगी सुरक्षित, आईचे नऊ दिवस सुरक्षित, आणि जयदेवचं काय ते जयदेवपाशी. त्याने बाजारातल्या एका सायकलच्या दुकानापुढे गाडी उभीसुद्धा केली. टांगलेल्या हेल्मेटांकडे बघत तो उभा राहिला. दुकानदार म्हणाला, “कोणतं दाखवू? सगळी चांगली आहेत.” जयदेवने एक हातात घेऊन उलटं केलं. आत कापड. कापडाखाली काळं, गुळगुळीत. त्याने नखाने टोचलं. थर्माकोलच होता. जुन्यात तो उरलाय की नाही हे उघडून बघितल्याशिवाय आता चालणार नव्हतं, म्हणून तो हेल्मेट परत देऊन निघाला.

घरी पोचला तेव्हा सव्वातीन झाले होते. जिज्ञासा जमिनीवर वह्या पसरून बसली होती. “पप्पा, एवढ्या लवकर? बरं नाही का?” तो म्हणाला, “बरं आहे.” खुंटीवरचं हेल्मेट त्याने काढलं. हलकं होतं. नेहमीच इतकं हलकं होतं का? “मी पाचला जाणार आहे,” ती म्हणाली. “माहीत आहे.” तो खाली बसला, हत्यारांच्या पिशवीतून ब्लेड काढलं. “काय करताय तुम्ही?” ती उठून जवळ आली. “पप्पा, नको ना. आईचं आहे ते. आतून अजून तिच्या तेलाचा वास येतो.” ब्लेड धरलेला त्याचा हात थांबला. हे त्याला माहीत नव्हतं. ती रोज ते घालते म्हणजे काय करते, हे त्याला आत्ता कळलं. पण अस्तराची कड त्याने उचललेली होती. दोन हात लावलेलं काम, सुटता सुटत नव्हतं. निळं रेक्झिन इंच इंच करून वर आलं, त्याला फोम चिकटून आला, आणि आत खड्डा होता. टाळूच्या जागी, त्याच्या पंज्याएवढा. कडा वितळून कडक झालेल्या, चकचकीत. मधे त्याने बोट घातलं ते थेट बाहेरच्या कवचाला टेकलं. तिथे काहीच नव्हतं. मायाचं डोकं आणि दगड यांच्यामधे पत्र्यासारखं पातळ प्लास्टिक आणि सोफ्याचा अर्धा इंच फोम होता.

जिज्ञासा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने हळूच हात पुढे केला आणि खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलं, जखमेवरून फिरवावं तसं. “हे आईला लागलं तेव्हाचं आहे ना?” ती म्हणाली. “इतकं लागलं होतं? म्हणजे टोपीने खरंच सगळं घेतलं होतं अंगावर.” जयदेवने तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि दुःखाबरोबर एक अभिमानसुद्धा होता, आईच्या टोपीचा. हो म्हणायला एक अक्षर लागलं असतं. त्याने तोंड उघडलं तेही हो म्हणायलाच. मग आणखी एखादं नवीन हेल्मेट आलं असतं, हे कपाटात जपून राहिलं असतं, आणि उद्या सासरी जाताना तिने ते बरोबर नेलं असतं. जयदेवला एवढं खोटं आयुष्यभर तिच्याबरोबर जाताना दिसलं आणि त्याला ते झेपेना.

“नाही,” तो म्हणाला. “हे मी केलंय.” आणि त्याने सांगितलं. कारखान्यात नवीन माणसाला काम समजावून सांगतात तसं सांगितलं, कारण दुसरं कसं सांगायचं ते त्याला येत नव्हतं. सोल्यूशन काय असतं, कशाला चालतं, कशाला चालत नाही. दोन हात लावले ते. आवाज आला होता ते. आज दुपारी थेंब पडला ते. “आईला माहीत होतं?” तिने शेवटी विचारलं. “नाही.” “तुम्हाला?” “मला माहीत होतं. आठवलं नाही.” ती भिंतीला टेकून बसली. “आणि टेम्पो?” “टेम्पोनेच उडवलं. ते खरं आहे. पण टोपी नीट असती तर काय झालं असतं, ते कुणाला सांगता येणार नाही. कदाचित हेच झालं असतं. मला नाही माहीत, बाळा.”

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत राहिला. जिज्ञासाने वह्या गोळा करायला घेतल्या आणि अर्ध्यावर थांबली. “मी वर्षभर त्या टेम्पोवाल्याचा राग केला,” ती म्हणाली. “मला तेवढंच येत होतं. आता त्या रागाचं मी काय करू, पप्पा?” जयदेव म्हणाला, “माझ्यावर कर.” तो मनापासून म्हणाला. त्याला ते हवंच होतं, तिने ओरडावं, हातातलं फेकून मारावं. जिज्ञासाने त्याच्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला. “कसा करू?” ती म्हणाली. “मला तुम्ही एकटेच उरलाय.” मग ती रडायला लागली. जयदेवने हात पुढे केला, त्या हाताकडे बघितलं आणि तो परत स्वतःच्या मांडीवर ठेवला. पाच वाजून गेले तरी दोघं तिथेच बसलेली होती.